एकवीस घरांची पट्टी

माझ्या मामाला तांबडा आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. जन्मापासूनच नाही. आणि याच मामाने रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली, तीही अशी की त्याने मान डोलावल्याशिवाय सकाळचा पहिला रोल मशीनमध्ये जात नसे.

हे कसं झालं ते आधी सांगते.

मामाच्या डोळ्यांची गोष्ट पहिल्यांदा कळली ती माझ्या आईला. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. एकदा शाळेतून त्याने झाडाचं चित्र आणलं. पानं तपकिरी, खोड हिरवंगार. खाली बाईंचा शेरा: ‘लक्ष देऊन रंगवावे.’ आईला वाटलं, पोरगं मस्करी करतंय. पण चार दिवसांनी तिने त्याला टोमॅटो आणायला पाठवलं, तर पिशवीतून अर्धे पिकलेले आणि अर्धे दगडासारखे कच्चे निघाले.

“अरे, हे हिरवे दिसले नाहीत तुला?”

“सगळे सारखेच तर आहेत, ताई.”

आईने घरात कुणाला काही सांगितलं नाही. तिने त्याला टोमॅटो दाबून घ्यायला शिकवलं. सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, हेही तिनेच शिकवलं. आणि वर बजावलं, “कुणाला सांगत बसू नकोस. लोक दिवसभर ‘हा रंग कुठला, तो रंग कुठला’ विचारून तुझा जीव खातील.”

मामाने तो सल्ला पाळला, पण नोकरी मागायला गेला तेव्हा मोडला. फोटो लॅबच्या दारावर पाटी होती, ‘रसायनांच्या खोलीसाठी माणूस पाहिजे.’ मामाला पाटी वाचून मोह झाला, पण फसवून नोकरी मिळवायची नाही म्हणून आत जाऊन त्याने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. लॅबचा मालक आडव्या अंगाचा आणि फटकळ तोंडाचा होता. तो पोट धरून हसला.

“अरे बाबा, फिल्म धुतात त्या खोलीत मिट्ट काळोख असतो. तिथे मीही आंधळा आणि तूही आंधळा. आकडे नीट वाचता येतात ना? बस्स. गिऱ्हाइकांना मात्र बोलू नकोस, दुकान बसेल माझं.”

आकडे वाचणं हेच मामाचं काम झालं. लॅबमध्ये एक पेटीएवढं यंत्र होतं, डेन्सिटोमीटर. त्याच्यात फिल्म ठेवली की तिच्यातून किती उजेड आरपार जातो ते आकड्यात कळतं. रोज सकाळी मामा एक तपासणीची पट्टी धुवायचा, तिचे तांबड्या, हिरव्या, निळ्या उजेडातले आकडे घ्यायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर टिंबं मांडायचा. टिंब रेघेबाहेर गेलं तर रसायन बिघडलंय. मग कुणी कितीही घाई करो, मामा मशीन सुरू करू द्यायचा नाही. बाकीची मंडळी डोळे बारीक करून फोटो बघायची आणि वाद घालायची. एक म्हणे पिवळट आहे, दुसरा म्हणे छे, निळसर. मामा बिचारा वादात पडूच शकत नव्हता. तो जाऊन आकडा घेऊन यायचा आणि वाद संपायचा.

मामीसुद्धा त्याला याच काउंटरवर भेटली. मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो घेऊन ती तणतणत आली होती. “नवरी हिरवी दिसतेय! आजारी आहे का ती?” काउंटरवरच्या माणसाने तिला मामाकडे पाठवलं. मामाने फोटो उलटसुलट करून पाहिला, त्याला नवरी चांगली ठणठणीत दिसली. तो आत गेला, त्या दिवशीची पट्टी काढून मोजली आणि बाहेर येऊन म्हणाला, “तुमचं बरोबर आहे. हिरवा सात पॉइंटांनी जास्त आहे. सगळे परत छापून देतो.”

“अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला?” मामी म्हणाली. “दिसतंय की डोळ्यांना. मोजायला काय गेलात?”

मामा का कोण जाणे, खरं बोलून गेला. “मला दिसत नाही.”

मामी सांगते की ती आधी हसली आणि पुढच्या आठवड्यात मुद्दाम आणखी एक रोल घेऊन गेली. त्या रोलमध्ये तिच्या घरच्या मांजराचे छत्तीस फोटो होते. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून मामाचे शर्ट मामीच निवडते आणि मामा म्हणतो की तो बाजारातला सगळ्यात देखणा माणूस आहे, पुरावा मात्र मामीकडे आहे.

मग फिल्मचे दिवस संपले. लोक फोनवर फोटो काढायला लागले, लॅबचं शटर खाली आलं. शेवटच्या दिवशी मालकाने मामाला डेन्सिटोमीटर दिलं आणि एक पट्टी दिली. ती पट्टी म्हणजे बोटभर रुंद फिल्म, तिच्यावर ओळीने एकवीस घरं. पहिलं घर जवळजवळ काचेसारखं स्वच्छ, शेवटचं काळंकुट्ट. दर दोन घरं पुढे गेलं की आरपार जाणारा उजेड बरोबर निम्मा होतो. मामा ती पट्टी एका पातळ पाकिटात घालून कपाटात ठेवायचा, आणि मामीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्याकडे बघायचा तितका स्वतःच्या पेन्शनच्या कागदांकडे बघायचा नाही.

आता माझी गोष्ट त्यात येते. मी एका संग्रहालयात नोंदी ठेवायचं काम करते. आमच्या मोठ्या दालनाचं छत लाकडी आहे आणि त्यावर एकशे बारा पाखरं रंगवलेली आहेत. पोपट, बगळे, कबुतरं, आणि काही अशी की ती रंगवणाऱ्याच्या डोक्यातच जन्मली असावीत. त्यांचे रंग उडत चाललेत अशी तक्रार फार जुनी. म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी शहाण्या माणसाने पायंडा पाडला. दरवर्षी एकाच दिवशी, त्याच दिव्यांखाली, त्याच उंचीवरून छताचे फोटो काढायचे. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात करड्या रंगाचं एक कार्ड ठेवायचं आणि निगेटिव्ह थंड खोलीत जपायच्या. कधीतरी कुणीतरी मोजेल, या आशेवर.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या संचालक मॅडमनी पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावले, उन्हाने रंग जाऊ नयेत म्हणून. लोकांनी त्यांचं डोकं खाल्लं. ‘अंधारात पाखरं दिसत नाहीत,’ ‘संग्रहालय आहे की तळघर?’ अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं. मॅडम काही बोलायच्या नाहीत, पण मला माहीत होतं की त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. पडद्यांचा उपयोग होतोय की नाही, हे फक्त त्या निगेटिव्हच सांगू शकत होत्या.

म्हणून फिल्म स्कॅनर घेतला. तो बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला. चाळिशीचा, हसरा, बोलण्यात तरबेज. त्याने पहिल्या वर्षाची निगेटिव्ह घातली आणि संगणकाच्या पडद्यावर पाखरं उमटली तेव्हा आम्ही सगळे ‘आहाहा’ म्हणालो. मग मधल्या एका वर्षाची घातली. मग गेल्या वर्षीची. सगळी पाखरं तितकीच झळझळीत.

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. “सगळी सारखीच कशी?”

“क्वालिटी मॅडम, क्वालिटी!”

“यंत्र स्वतःहून काही सुधारत नाही ना? मला सुधारलेलं नकोय. फिल्मवर जे आहे तेच हवंय.”

“सगळं बंद केलंय मॅडम. हा बघा, एकूण एक पर्याय बंद. पूर्ण कच्चा डेटा आहे.” आणि त्याने ताबा घेतल्याच्या कागदावर सही करण्यासाठी पेन पुढे केलं.

मॅडमनी पेन घेतलं नाही. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, “दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पण तपासायचं कसं? कुणाला विचारायचं?”

मी म्हटलं, “माझा मामा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, खिशात पट्टीचं पाकीट. बरोबर मामीही आली होती, कारण तिला पाखरं बघायची होती. म्हणजे ती तसं म्हणते; खरं तर तिला मामाला इतक्या वर्षांनी कामावर जाताना बघायचं होतं.

इंजिनिअरने मामाला नमस्कार केला आणि कालची झळझळीत पाखरं पुन्हा दाखवली. “कशी वाटतात काका?”

“छान असतील,” मामा म्हणाला. “मला माझी पट्टी घालू द्या.”

पट्टी आत गेली. पडद्यावर एकवीस घरं आली आणि मामाने प्रत्येक घराचा उजेडाचा आकडा वाचायला सांगितला. मी वाचत गेले, तो कागदावर लिहीत गेला. पहिलं घर साठ हजार. तिसरं घर निम्मं, म्हणजे तीस हजार यायला हवं होतं. आलं चव्वेचाळीस हजार.

“हा कच्चा नाही,” मामा म्हणाला. “अर्धवट शिजवलेला आहे.”

इंजिनिअरने स्वतःच्या कपाळावर हात मारला. “अरे हो! चित्र डोळ्यांना बरं दिसावं म्हणून थोडा उठाव दिलेला असतो. तो राहिलाच.” त्याने एक पर्याय शोधून बदलला. पुन्हा पट्टी, पुन्हा आकडे, एक घर सोडून एक. साठ हजार, तीस हजार, पंधरा हजार, साडेसात हजार. नवव्या घरात तीन हजार सातशे साठ. निम्म्याला निम्मं, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसं.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. इंजिनिअरने पुन्हा पेन काढलं. मॅडमनी या वेळी ते हातात घेतलंसुद्धा.

“थांबा हो,” मामा म्हणाला. “तुम्ही सगळे चहा पिऊन या. मला अजून एक खोड काढायची आहे.”

चहाला कुणीच गेलं नाही. मामाने माझ्याकडून काळा कागद मागून घेतला, त्याचा तुकडा कापला आणि पट्टीची पहिली सहा, उजळ घरं झाकून टाकली. बाकी काही बदललं नाही. पुन्हा स्कॅन.

“नववं घर वाच.”

मी वाचलं, आणि मला वाटलं मी चुकले. पुन्हा वाचलं. “नऊ हजार चारशे.”

 मामाने चष्मा वर केला आणि अगदी मऊ आवाजात, जणू शेजारच्याला पत्ता विचारावा तसं, इंजिनिअरला विचारलं, “पट्टी तीच. घर तेच. शेजाऱ्यांनी दिवे मालवले म्हणून याच्या घरात उजेड कसा वाढला?”

इंजिनिअर आ वासून पडद्याकडे बघत होता. मामाने पुढची घरंही वाचायला लावली. नुसता सगळा उजेड वाढवला असता तर एक वेळ हिशेब लावता आला असता, पण यंत्राने अंधाऱ्या घरांना जास्त आणि उजळांना कमी असा मायेचा हात फिरवला होता. निम्म्याचं गणितच मोडलं होतं. म्हणजे चित्र काळपट असलं की यंत्र आपण होऊन ते उचलून धरत होतं. निगेटिव्हवर फिकट ते गडद उमटतं, त्यामुळे पाखरं कितीही फिकट झाली असती तरी या यंत्रातून ती टवटवीतच निघाली असती.

“पण सगळं बंद आहे!” इंजिनिअर म्हणाला. “हे बघा ना, बंद!”

“तुमच्या पडद्यावर बंद आहे. त्या पेटीला कुणी सांगितलंय?”

मला वाटलं आता भांडण होणार. पण माणूस सरळ निघाला. त्याने खुर्ची ओढली, बाह्या वर केल्या आणि कंपनीला फोन लावला. पलीकडून तीन वेगवेगळ्या माणसांनी त्याला सांगितलं की असं होऊच शकत नाही. तिसऱ्याला तो म्हणाला, “साहेब, इथे एक काका आहेत, त्यांच्याकडे काळा कागद आहे. होतंय.” मामा खूश होऊन मामीकडे बघायला लागला. मामीने डोळ्यांनीच त्याला ‘शहाणपणा पुरे’ म्हणून दटावलं, पण तिचं हसू काही लपत नव्हतं.

दुपारी जेवणानंतर चौथ्या माणसाचा फोन आला. पेटीच्या आतच एक ‘मदतनीस’ बसवलेला होता, गडद चित्रं आपोआप उजळणारा. तो कायमचा बंद करता येत होता, पण फक्त दुरुस्तीवाल्यांच्या यादीतून. इंजिनिअरने ती यादी उघडली, मामाने शेजारी बसून तिच्यातली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घेतली आणि मदतनीस बंद झाला.

पट्टी पूर्ण उघडी ठेवून नववं घर: तीन हजार सातशे एकसष्ट. काळा कागद लावून: तीन हजार सातशे अठ्ठावन्न. मामाने कागद दुसरीकडे लावला, पट्टी उलटी घातली, यंत्र बंद करून चालू केलं. आकडा हलेना.

“आता तुमची पाखरं घाला, पण निगेटिव्हचा फोटो न बनवता, आहे तशी,” मामा म्हणाला.

पहिल्या वर्षाची निगेटिव्ह आत गेली आणि पडद्यावर एक मळकट, काळपट चौकोन आला. त्यात पाखरं आहेत हे माहीत होतं म्हणून दिसली, एरवी कुणी चहा सांडलाय असंच म्हणालं असतं.

“ई! किती घाणेरडं दिसतंय!” मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

मामा उभाच राहिला. “घाणेरडं? खरंच? कसं, नीट सांगा!”

“काळपट... आणि सगळं नारिंगी.”

“नारिंगी! वा!” मामाने टाळी वाजवली. “निगेटिव्हचा मूळ रंग तोच असतो. अस्सल आहे, कुणी हात लावलेला नाही. आकडे मला पटले होते, पण नारिंगीसाठी मला तुमच्यावरच विश्वास ठेवावा लागणार.”

“म्हणजे?” इंजिनिअरने विचारलं.

मामाने मामीकडे पाहिलं. मामीने खांदे उडवले, म्हणजे ‘सांगा की आता, कुणाचं दुकान बसणार आहे?’ आणि माझ्या मामाने, तीन माणसं सोडून आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट भर ऑफिसात सांगून टाकली. “मला रंग धड दिसत नाहीत हो. तांबडा-हिरवा तर मुळीच नाही.”

हे ऐकून माझ्याही हातातला कागद खाली पडला, कारण मलाही ठाऊक नव्हतं. आई आणि मामी, दोघींनी इतकी वर्षं ब्र काढला नव्हता! मग घरी त्या दोघींना काय ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. वर मी सांगितलेलं टोमॅटोचं आणि मांजराचं सगळं मला त्याच आठवड्यात कळलं.

इंजिनिअर हसत सुटला. “काका, तुम्हाला रंग दिसत नाहीत आणि तुम्ही रंगांचं यंत्र पकडलंत?”

“दिसले असते तर सकाळी मीही तुमच्यासारखा आहाहा करून मोकळा झालो असतो.”

मॅडम तर डोळे पुसत हसत होत्या. त्या दिवशी त्या खोलीत जेवढं हसणं झालं तेवढं आमच्या संग्रहालयाने वर्षभरात ऐकलं नसेल. पहारेकरी दोनदा डोकावून गेला.

पुढचे तीन आठवडे आम्ही सव्वीस वर्षांच्या निगेटिव्ह स्कॅन केल्या. रोज सकाळी मामा येऊन आधी पट्टी तपासायचा, मग आम्हाला हात लावू द्यायचा. कोपऱ्यातल्या करड्या कार्डाशी ताडून प्रत्येक वर्षीचा फिल्मचा आणि दिव्यांचा फरक वजा केला. मग एका पाखराच्या गळ्यावरचा तांबडा रंग घेऊन मी आलेख काढला. पहिली सतरा वर्षं रेघ दरवर्षी थोडी थोडी घसरत होती, जसा म्हातारा माणूस उतार उतरतो तशी. आणि मग, पडदे लागले त्या वर्षापासून, ती आडवी झाली होती. नऊ वर्षं, जवळजवळ सपाट.

मी कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बोट ठेवून रेघ दोनदा पाहिली. “एकाच पाखराचं आहे हे?”

“नाही मॅडम. चाळीस पाखरं घेतली. सगळ्यांचं हेच.”

मग त्या उठल्या, दालनात गेल्या, आणि पडद्यांनी केलेल्या त्या मंद उजेडात मान वर करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक आजोबा शेजारी येऊन कुरकुरले, “काय हो, इथे जरा उजेड करा की.” मॅडम इतक्या आनंदाने वळल्या की आजोबा दचकले. “नाही करणार!” त्या म्हणाल्या. “अजिबात नाही करणार! या, मी तुम्हाला कारण दाखवते,” आणि त्या अनोळखी माणसाला हाताला धरून त्यांनी आलेखापाशी आणलं.

इंजिनिअरने कंपनीला मामाच्या काळ्या कागदाची पूर्ण हकीकत कळवली. आता तो जिथे नवं यंत्र बसवतो तिथे सही घेण्याआधी तीच तपासणी करतो, आणि काही अडलं की मामाला फोन करतो. मामा तेव्हा जेवत असला तरी उठतो.

आणि मामाला आमच्याकडे दर सोमवारचं काम मिळालं आहे. पट्टी घालायची, आकडे घ्यायचे, तक्त्यावर टिंब मांडायचं. काम वीस मिनिटांचं, पण मामा डबा घेऊन येतो आणि दुपारपर्यंत हलत नाही, कारण रंगकाम दुरुस्त करणाऱ्या मुलींना लॅबच्या गोष्टी ऐकायच्या असतात. गेल्या सोमवारी मात्र नववं घर चाळीसने खाली आलं. मामाने जेवण बाजूला ठेवलं. तासभर शोधून त्याला यंत्राच्या दिव्यावरच्या काचेवर धुळीचा पातळ थर सापडला. काच पुसली, पट्टी घातली, आकडा वाचला, आणि तिथूनच घरी फोन लावला. इतक्या मोठ्याने की जिन्यावरच्या लोकांनी मान वळवून पाहिलं.

“अगं, जुळलं! तीन हजार सातशे साठ!”

पलीकडून मामीचा आवाज आम्हालाही ऐकू आला. “अहो, मग आता तरी जेवून घ्या!”